दावा जंगलात नाही, हजेरीत अडतो

आज दिवसभर सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगलावर मागितलेल्या हक्काच्या, फायली तपासल्या. कोरमनेच (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीने) जीव खाल्ला. वनहक्क कायद्याच्या 2012च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे ठरावाच्याच तारखेचे घ्या, नंतर गोळा केलेले लगेच ओळखू येतात. पाड्याची सभा पाड्यातच घ्या. निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराची जुनी सरकारी नोंद) नसलं तरी दावेदार सोडून इतर जाणत्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, हे कोणी सांगतच नाही! सीमेवर वाद असेल तर शेजारच्या गावाच्या वनहक्क समितीसोबत आधी शिवारफेरी करा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला, पण बांबूचे वाहतूक परवाने हाती यायला 2011 उजाडलं. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर कारण लेखीच मागा, 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जा.