पिछाडी आधी पाहावी

भाऊच्या धक्क्यावर मांडव्याची रो-रो बोट लागलेली असते. मार्च २०२० पासून ती चालू आहे आणि तिच्या नावावरचे विनोद अजून संपलेले नाहीत. भर दुपारी मोटारी एकेक करून रॅम्पवरून आत शिरतात, खलाशी हातवारे करतो, कुणीतरी आरसा घासून घेतो. सगळं कसं झकास. फक्त डेकवर रूळ नाहीत. आगगाडीचा नाद असलेल्या माणसाला ही उणीव एकदा दिसली की मांडवा येईपर्यंत दुसरं काही दिसत नाही.

कोकण रेल्वेने १९९९ मध्ये उलटा प्रकार केला. कोलाडला भरलेले ट्रक गाडीवर चढवायचे आणि थेट वेर्ण्याला उतरवायचे. म्हणजे ट्रक बोटीत बसतो, ट्रक आगगाडीवरही बसतो. आगगाडी बोटीत बसलेली पाहायची, तर इथे संग्रहालयातल्या काचेच्या पेटीतल्या प्रतिकृतीशिवाय गत्यंतर नाही.

आणि ही पेटी सापडायला महाकठीण. रेल्वेच्या संग्रहालयाला ती बोट वाटते, जहाजांच्या संग्रहालयाला ती रेल्वे वाटते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यातली गत. यादीत ‘रेल्वे’ या शब्दाखाली शोधलं तर काहीच हाती लागत नाही. जहाजाचं नाव, बांधणारा कारखाना किंवा मार्ग टाकून शोधावं. पाटीवर नुसतं ‘पॅडल स्टीमर’ लिहिलेलं असलं तरी ती रेल्वेची असू शकते. ‘वेव्हर्ली’ ही १९४६ मध्ये पाण्यात उतरलेली स्कॉटलंडची बोट लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची होती, हे तिच्या लाल-पांढऱ्या-काळ्या धुराड्यांवरूनच ओळखायचं. धुराडं म्हणजे या बोटींचं कुंकू. १९६५ नंतरच्या ब्रिटिश रेल्वेच्या बोटींवर तर लाल धुराड्यावर दुहेरी बाणाचं चिन्ह असे, आणि डाव्या बाजूला ते आरशातल्यासारखं उलटं रंगवत. वरचा बाण दोन्हीकडून नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेलाच जायला हवा, बोट उलटी चाललीय असं वाटायला नको! प्रतिकृतीत दोन्ही बाजूंना एकसारखंच चिन्ह दिसलं, तर करणाऱ्याने एकाच बाजूचा फोटो पाहिला होता, असं खुशाल समजावं.

रेल्वेच्या मालकीची बोट आणि रेल्वे वाहणारी बोट, हा फरक मात्र पेटीसमोर उभं राहण्याआधी डोक्यात हवा. धनुष्कोडीहून श्रीलंकेतल्या तलैमन्नारला जाणाऱ्या ‘गोशेन’ आणि ‘आयर्विन’ या साउथ इंडियन रेल्वेच्या बोटी. १९१४ पासून बोट मेलचं तिकीट एकच असलं, तरी उतारू धनुष्कोडीला उतरून, वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन बोटीत चढत. गाडी अलीकडेच राहायची. उलट आसामात आमिनगाव आणि पांडूच्या मध्ये ब्रह्मपुत्रेवर वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, सबंधच्या सबंध तराफ्यावर चढत, १९६२ मध्ये सराईघाटचा पूल होईपर्यंत. बिहारात गंगेवर मोकामा घाटाला दोन्ही काठांच्या रुळांची रुंदीच वेगळी. तिथे माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माणसांनी वाहायचा. वाघांच्या शिकारीसाठी गाजलेल्या जिम कॉर्बेटने हेच कंत्राट वीसेक वर्षं सांभाळलं.

खऱ्या आगगाडीवाहू बोटीची प्रतिकृती समोर आली की लोक नाळेकडे जातात, कारण बोट तिकडून देखणी दिसते. चूक. पिछाडी आधी पाहावी. रूळ तिथून आत येतात, बहुधा दोन किंवा तीन, आणि सांध्यांवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, फुटून चार होतात. धुराडी मधोमध एक नसून दोन्ही कडांना एकेक असली, तर मधली जागा गाडीसाठी मोकळी सोडलेली आहे. पुढच्या टोकालाही सुकाणू दिसलं तर चक्रावू नये. बोट धक्क्याला पाठमोरी लागते, उलटं जाताना तेच उपयोगी पडतं. डेकवर रुळांच्या कडेने कड्या हव्यात, कारण प्रत्येक डबा साखळदंडांनी जखडतात. इंग्लंडच्या डोव्हरहून फ्रान्सच्या डंकर्कला जाणाऱ्या ‘नाइट फेरी’च्या शयनयानातले उतारू मध्यरात्री या साखळ्यांच्या खणखणाटाने जागे होत. १९३६ ते १९८० अशी चव्वेचाळीस वर्षं त्यांनी झोपेचं तिकीट काढून ही जाग विकत घेतली.

चढवताना मधले रूळ आधी भरायचे, मग कडेचे आलटून पालटून. एकाच कडेला वाघिणी लोटल्या तर बोट कलते आणि धक्क्याच्या पुलावरचे रूळ बोटीच्या रुळांशी जुळेनासे होतात. म्हणून दोन्ही कुशींत पाण्याच्या टाक्या असतात, भार जिकडे जाईल त्याच्या उलट बाजूला पाणी पंपाने ढकलायचं. इंजिन पुलावर येत नाही, त्याचं वजन पुलाला सोसत नाही. मध्ये रिकाम्या सपाट वाघिणी जोडून ते काठावरूनच ढकलतं. यातलं प्रतिकृतीत काही दिसत नाही, पण ठाऊक असलं की त्या रिकाम्या डेकवर शंटिंग चालू होतं.

खरी डोकेदुखी भरती-ओहोटीची. डोव्हरला दारं आणि पंप असलेली बंद गोदीच बांधावी लागली. खडूच्या खडकातल्या भेगांतून पाणी येत राहिलं, काम लांबलं आणि १९३४ मध्ये बांधून झालेली ‘ट्विकनहॅम फेरी’ ही बोट दोन वर्षं गोदीची वाट पाहत बसली. त्याआधी स्कॉटलंडमध्ये टॉमस बाउच या इंजिनिअरने सोपा इलाज काढला होता: उतारावर पुढेमागे सरकणारा पूल. १८५० ची ‘लेव्हायथन’ ही पहिली आधुनिक आगगाडीवाहू बोट त्याच पुलावरून भरायची. ती सेवा चाळीस वर्षं चालली. बाउचचा टे नदीवरचा पक्का पूल मात्र दोन वर्षंसुद्धा टिकला नाही, २८ डिसेंबर १८७९ ला वादळात गाडीसकट कोसळला.

आता मापाचं. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. संग्रहालयात असते, आणि पाटीवर प्रमाण लिहायला हमखास विसरलेले असतात. एरवी जहाजावर खात्रीने ठाऊक असलेलं एकही माप नसतं. इथे आहे: रूळ. युरोपातल्या बहुतेक बोटींवर दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. प्रतिकृतीत ते ३० मिलिमीटर भरलं तर प्रमाण १:४८, कारखान्यांचं लाडकं. १५ भरलं तर १:९६. जपानी बोट असेल तर १०६७ धरा, १:४८ ला २२ येतील. पट्टी काचेवर धरून मोजू नये, रूळ मागे असल्याने अंतर कमी भरतं. फोनची लेन्स काचेला टेकवून, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून किंवा बरोबर मागून फोटो काढावा आणि रुळांचं प्रमाण त्याच फोटोतल्या दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या मापाशी ताडून पाहावं. १:४८ ला ३६० फुटी बोट साडेसात फुटांची होते. वन रूम किचनमध्ये ती आणली तर माणसांनी जिन्यात झोपायचं.

अर्धी प्रतिकृती आरशाला चिकटवलेली असेल तर सावध राहावं. आरसा उरलेली बोट पुरी करतो, पण सांधेही सममित करून टाकतो, आणि खऱ्या बोटीत ते बहुधा तसे नसतात. नांगर किंवा होड्या टांगायचे आकडे पांढरे पडलेले दिसले, तर ती धूळ नव्हे. पेटीच्या लाकडातून, विशेषतः ओकमधून, सुटणाऱ्या आम्लाने शिसं खाल्लं जातं. मुंबईच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. पुसायला जाऊ नये, ती पूड विषारी असते.

जपानात आओमोरीला ‘हाक्कोदा मारू’ ही आगगाडीवाहू बोट अख्खी जपून ठेवली आहे, आत डब्यांसकट. तिची पिछाडी दाराने बंद होते. तिच्या आधीच्या ‘तोया मारू’ला दार नव्हतं. २६ सप्टेंबर १९५४ च्या तुफानात लाटा रुळांवरून आत आल्या, खाली यंत्रांपर्यंत पोचल्या, यंत्रं थांबली. हजाराहून जास्त माणसं गेली. प्रतिकृतीत ही जागा तळहातापेक्षा मोठी नसते.