महिंद्रा जीपचा मागचा ब्रेक ड्रम: गॅस मारू (गॅसच्या ज्योतीने तापवू) देऊ नका

आमची जीप महिंद्राची सीजे थ्री-बी, उंच बॉनेटवाली. हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून मूळच्या अमेरिकन विलीज कंपनीने बॉनेट वर उचललं, तीच ही गाडी. ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं आणि डाव्या मागच्या टायरच्या आतल्या अंगाला ब्रेक ऑइलचा ओघळ दिसला. ब्रेकला लाइन एकच. एका चाकात गळलं की चारही चाकांचा ब्रेक गेला समजा. ड्रम उघडणं भागच होतं.

चाक काढलं, नट अडवणारी स्प्लिट पिन काढली, एक्सलच्या टोकावरचा मधला मोठा नट सैल केला. इथवर काही नाही. ड्रम मात्र हलेना.

पुष्कळांना वाटतं ड्रम गंजाने धरलाय. गंज असतोच, पण खरं कारण वेगळं. या मागच्या एक्सलचं टोक निमुळतं असतं, हब (चाकाचा मधला तुंबा) त्यावर चावीसकट, म्हणजे खाचेतल्या लोखंडी पट्टीसकट, बसतो आणि नट आवळला की त्या निमुळत्या टोकावर घट्ट रुततो. ड्रम हबला जोडलेला, त्यामुळे हबसकटच बाहेर यायला हवा. वर्षानुवर्षं न उघडलेला हब रॉकेल आणि शिव्या, दोन्हींना दाद देत नाही.

मग गॅरेजं पालथी घातली. जो तो एकच मंत्र म्हणतो: "दादा, दोन मिनिटं गॅस मारू, आपोआप बाहेर येतंय बघा." अहो, आत ग्रीस भरलेलं बेअरिंग आहे, ऑइल सील आहे, आणि एक्सलचं पोलाद तापवलं की त्याचा कडकपणा जातो, त्याचं काय? यावर उत्तर नाही, नुसतं हसायचं. दुसऱ्या एकाने थेट एक्सलच्या तोंडावर घण उगारला. तो धक्का आत बेअरिंगवर आणि डिफरेन्शियलमधल्या (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीतल्या) ठोकळ्यावर जातो, वर नटाचे आटे चेपतात. त्याचा हात धरला तर साहेबांना राग आला. तिसऱ्याकडे पुलर (ओढून काढायचं हत्यार) होता, पण ड्रमच्या कडेला नख्या अडकवायचा. त्याने हब निघत नाही, बिडाच्या ड्रमची कड तेवढी तुटते.

जुने जीपवाले एक युक्ती सांगतात. मधला नट दोन-तीन आटे सैल ठेवायचा, चाक परत चढवायचं आणि मोकळ्या जागेत लो गिअरमध्ये सावकाश आठाचा आकडा काढायचा. बऱ्याचदा हब सुटतो. मी वावरात फिरवली. या गाडीचा हँडब्रेक चाकात नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे असतो, थांबायला तोच कामी आला. हब नाहीच सुटला.

शेवटी लेथवाल्याकडून पुलर करून घेतला. जाड प्लेट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर पाच भोकं, म्हणजे ती थेट चाकाच्या स्टडांवर, चाकाचे नट बसतात त्या बोल्टांवर, चढते. मधोमध बारीक आट्यांचा जाडजूड बोल्ट. मधला नट काढून टाकायचा नाही, एक्सलच्या टोकाशी सपाट येईल इतकाच फिरवून ठेवायचा. आटेही वाचतात आणि हब सुटला की अंगावर येत नाही. पुलर आवळला, लांब पाइप लावून आणखी आवळला, बोल्टच्या डोक्यावर टिचक्या मारल्या आणि ताण तसाच ठेवून जेवायला गेलो. हातावर पाणी घेतोय तोच अंगणात बार उडाल्यासारखा आवाज झाला. शेजारचे बाहेर आले. नट नसता तर ड्रम थेट तुळशीपाशी गेला असता.

आधीच सांगायला हवं होतं: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर स्टड तुटेल. आणि पुलर लावण्याआधी बॅकप्लेटमागचे (ड्रमच्या आतल्या बाजूच्या पत्र्यामागचे) ब्रेकचे ॲडजस्टर सैल करा, नाहीतर हब सुटूनही ड्रम ब्रेकच्या लायनरवर अडकतो. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचे) रबर फाटले होते, किरकोळ काम. बसवताना एक्सलचं निमुळतं टोक कोरडं आणि स्वच्छ, ग्रीस अजिबात नाही. मधला नट किमान दीडशे फूट-पाउंड जोराने आवळायचा. पिनचं भोक जुळेना तर पुढे आवळायचा, मागे घ्यायचा नाही. थोडी गाडी चालवून पुन्हा तपासायचा.

उजवी बाजू त्याच पुलरने चहा उकळेपर्यंत निघाली.