कापडाला रंग लागला म्हणून गाडी नव्याने रंगवू नका

जुन्या गाडीवर पाण्याचे डाग पडले असतील, तर वर्कशॉपची पायरी चढण्याआधी हे वाचा. आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात यातून गेलो आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

गाडी सासऱ्यांची. १९७८ची प्रीमियर पद्मिनी, गडद निळी. रंग कारखान्यातून आला तोच. अण्णांनी तो जिवापाड जपलाय. शेजारच्या इमारतीची टाकी रोज भरून वाहायची आणि बोरचं पाणी आमच्या बॉनेटवर नि टपावर ठिबकायचं. बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन, पत्रा चटका बसेल इतका तापलेला. पाणी लगेच उडून जायचं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहायचे. टाकीला बॉल-व्हॉल्व्ह बसेपर्यंत बॉनेटभर पांढरी कडी उमटली होती. धुतल्यावर ओल्या गाडीवर काहीच दिसायचं नाही, वाळली की सगळी परत हजर.

शहरातल्या एका मोठ्या डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाड्या पॉलिश करून चकाकवणाऱ्याकडे, गाडी नेली. काचेचं ऑफिस, आत महागड्या गाड्या. तिथल्या माणसाने पांढऱ्या कापडावर पॉलिश घेऊन बॉनेटच्या कोपऱ्यात घासलं. कापड निळं झालं. तेच माझ्यासमोर धरून म्हणाला, “बेन, आ कलर तो गयो. आखी गाडी नवेसरथी कराववी पडशे.” सगळा रंग उतरवायचा, नवा मारायचा, वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा कडक पारदर्शक लेप. कोटेशन तयारच होतं.

कापड निळं होणारच! हल्लीच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. पॉलिश करताना तो घासला जातो, म्हणून कापडाला रंग लागत नाही. आमच्या पद्मिनीला असा थरच नाही. जो दिसतो तोच रंग, आणि त्याचा वरचा उन्हाने मेलेला पापुद्रा निघाला की कापड रंगतं. तो रंग जिवंत असल्याचा पुरावा होता, आणि हा माणूस त्याच पुराव्यावर त्याला मेलेला ठरवत होता. मी हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच कोटेशन पुढे सरकवलं.

मी एवढंच म्हटलं, की मीटर लावा. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं यंत्र त्यांच्या टेबलावर होतं. आधी म्हणे ते वापरणारा मुलगा सुट्टीवर. पुढच्या खेपेला सेल संपलेले. मग म्हणे जुन्या गाडीवर आकडा बरोबर येत नाही. साध्या पत्र्यावर तो यायला काय हरकत आहे? लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी आकडा फुगतो, पण तेही कळावं म्हणूनच तर मोजायचं. दरम्यान गाडी त्यांच्या शेडमध्ये उभी आणि अण्णा रोज रात्री जेवताना विचारायचे, “सूनबाई, रंग खरवडला तर नाही ना त्यांनी?” मला उत्तर देववत नव्हतं. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला होता, तेव्हा अण्णा चकचकीत गाड्या सोडून मूळ रंगातल्या गाड्यांपाशी थांबत होते. गाडी कितीही वेळा नवी रंगवता येते, मूळ रंग एकदाच असतो, हे त्यांचं म्हणणं. ते मला पूर्ण पटतं.

शेवटी भावजींना सोबत नेलं आणि मीटर लागल्याशिवाय हलणार नाही असं सांगून बसले. सेलही मिळाले, मुलगाही मिळाला. बॉनेटच्या मध्यावर आकडा शंभर मायक्रॉनच्या आसपास, कडांवर बराच कमी. हलक्या हाताने काम करायला हे भरपूर होतं. तरी त्यांचं एकच, “गॅरंटी नहीं मळे.” गॅरंटी मी मागितलीच नव्हती. गाडी घरी आणली.

घरचं काम मात्र सरळ झालं. आधी बोटाने चाचपा: डाग वर आलेला लागतो की खाली गेलेला? वर आलेला म्हणजे नुसता क्षार. स्वयंपाकातला पांढरा व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं पाणी निम्मं-निम्मं घ्या, मऊ कापड भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच स्वच्छ धुवा. सावलीत आणि पत्रा गार असतानाच. क्रोमवर आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर व्हिनेगर राहू देऊ नका. आमचे बहुतेक डाग इथेच गेले.

उरलेल्या कड्यांनी रंग खाल्ला होता, तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही. त्यांना पॉलिशच लागतं. पण कोरड्या पडलेल्या जुन्या रंगाला आधी तेल हवं. मी मेग्वायर्स कंपनीचं नंबर सात, म्हणजे रंगाला तेल पाजणारं ग्लेझ, सुती टॉवेलने भरपूर चोळलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी पुसलं. निळा असा उठून आला की अण्णा खुर्ची घेऊन अंगणातच बसले. मग सर्वांत सौम्य पॉलिश, हाताने. मशीन लावायचंच असेल तर कडा आणि बॉनेटच्या उंच रेषा टेपने झाका. तिथे रंग पातळ असतो आणि लोकरीच्या बफने क्षणात पत्रा दिसतो. शेवटी कार्नोबा वॅक्स, म्हणजे झाडापासून मिळणारं मेण. टपावरची काही कडी खोल होती, ती मी सोडून दिली. ती काढण्यासाठी रंग संपवणं मला मान्य नाही.

सिरॅमिकबद्दलही सांगते: डाग न काढता ते मारलं तर डाग त्याच्या आत बंद होतात.

आणि गाडी वॉशिंग सेंटरला देणार असाल तर आधी विचारा, पाणी कुठलं. बोरचं असेल तर घरी नळाच्या पाण्याने धुवा आणि थेंब वाळायच्या आत पुसून घ्या.