दोन स्टार?

“स्लो आहे रे, दोन स्टार.” नावं अजून वर सरकत होती तोवर मित्राने निकाल देऊन टाकला. काल रात्री खारघरला आमच्याकडे ‘कोर्ट’ लावला होता, चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला.

शेजारच्या काकू पण बसल्या होत्या, त्यांची जागेची केस कित्येक वर्षं चालूये. त्या एवढंच म्हणाल्या, “अरे असंच असतं तिथे. दिवसभर बसायचं, पुढची तारीख घ्यायची नि घरी यायचं.” आणि मग, “ती सरकारी वकीलबाई घरी येऊन स्वयंपाकाला लागते ना, ते फार खरंय.”

गीतांजली कुलकर्णी आहे ती. कोर्टात इतकी कडक बोलणारी बाई, लोकलने घरी येते, ओट्याशी उभी राहते आणि कॅमेरा नुसता बघत राहतो, अजिबात घाई नाही.. आणि नेमके ह्याचेच मार्क कापायचे? खरंच वाईट वाटलं मला.

स्टार द्या ना, जरूर द्या, पण कुठला सीन डोक्यात राहिला तेही सांगा, मला तर त्यावरूनच कळतं पिक्चर बघायचा की नाही.

तुम्ही शेवटचा कुठला पाहिलात, आणि त्यातलं काय राहिलं?