सहा पैशांचा फरक: आमची वाटचाल

2009 ला सांगलीत इंजिनिअरिंग झालं आणि मी हिंजवडीत लागलो, सात वर्षं बँकिंग प्रोजेक्टवर जावामध्ये प्रोग्रामिंग केलं. पगार चांगला होता, तक्रार नाही. पण सुट्टीला गावी आलो की संध्याकाळी आईबरोबर डेअरीत जायचो, फॅट मशीनवर आकडा आला की एक पोरगा ओरडून सांगणार, दुसरा रजिस्टरात लिहिणार, आणि दर दहा दिवसांनी सचिव रात्र जागून बिलं काढणार. दुधाचा दर फॅटवर ठरतो, म्हणून 6.8 चं 6.3 लिहिलं गेलं की दूध घालणाऱ्या बाईचे पैसे गेले, आणि तिला ते कळणारही नाही. हे डोक्यातून जाईना.

2016 च्या जूनमध्ये राजीनामा दिला आणि डेअरीच्या बिलांचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. फॅट मशीन आणि वजनकाटा दोन्हीला सिरीयल पोर्ट, म्हणजे डेटाची केबल लावायची जागा, असते, तिथून आकडा थेट कॉम्प्युटरला घ्यायचा, मधे कुणी टाईप करायचंच नाही, एवढंच ठरवलं होतं. पण प्रत्येक मशीनचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, वेगळा, डेटा पाठवायची पद्धत वेगळी, केबली सोल्डर करण्यातच तीन महिने गेले.

पहिलं दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा डेअरीचे सचिव आण्णा कॅल्क्युलेटर घेऊन बसले, एकाच सभासदाच्या, दूध घातल्यावर दर वेळी मिळणाऱ्या, वीस स्लिपांची बेरीज केली आणि म्हणाले बिलात सहा पैसं कमी हायत. मी म्हटलं सहा पैशांनी काय होतंय. "माणसाच्या हातात स्लिपच हाय की रं, तिच्याशी बिल जुळाय पायजे." रात्री कोड उघडला, तर 4.3 लिटर गुणिले 38.55 रुपये दर म्हणजे 165.765, स्लिपवर 165.77 छापलं जायचं आणि बिलात मात्र राउंड न केलेल्या आकड्यांची बेरीज. त्या दिवसापासून आम्ही रक्कम पूर्ण पैशांत साठवतो, आणि बिल म्हणजे फक्त स्लिपांची बेरीज.

मग 8 नोव्हेंबरला नोटबंदी आली, बिलं रोख वाटायचं अवघड झालं. बँकेत द्यायची खाते नंबर आणि आयएफएससीची फाईल आम्ही चार दिवसांत बनवली, त्यावर पुढच्या नऊ डेअऱ्या मिळाल्या.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर मात्र विसरता येत नाही, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या तीन डेअऱ्यांचे कॉम्प्युटर पाण्यात गेले. पाणी उतरल्यावर लोक स्लिपा घेऊन आले, थर्मल पेपर तो, भिजून अक्षर पार उडालेलं, हातात नुसते कोरे कागद. डेटा आमच्या सर्व्हरवर होता, पूर यायच्या आदल्या संध्याकाळपर्यंतचा. मी म्हटलं डायरेक्ट बिलंच काढू, तर आण्णा म्हणाले आधी स्लिपा काढ. मग शाळेच्या व्हरांड्यात लॅपटॉप आणि प्रिंटर लावून 1 तारखेपासूनची एकेक स्लिप परत छापली, दोन दिवस लागले, लोकांनी बेरजा केल्या आणि मग बिलं वाटली.

आज आम्ही सहा जण आहोत, सगळी इथलीच पोरं, आणि प्रत्येक नव्या डेअरीत पहिलं बिल निघतं तेव्हा आमचा एक माणूस कॅल्क्युलेटर घेऊन तिथे बसलेला असतो.