तिसरी घंटा, टेम्सच्या काठी

पुण्यात हौशी नाटकांचं म्युझिक ऑपरेट करण्यात माझी पंधरा वर्षं गेली. विंगेत लॅपटॉपसमोर बसायचं, क्यू आला की बटण दाबायचं, चुकला की दिग्दर्शकाच्या शिव्या खायच्या. त्यामुळे लंडनमध्ये एकच संध्याकाळ मोकळी मिळाली तेव्हा शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर सोडून दुसरं काही सुचलंच नाही. प्रयोग होता 'हॅम्लेट'चा.

तिकीट अंगणातलं काढलं, म्हणजे सर्वांत स्वस्त आणि तीन तास उभं राहायचं. बसायला मनाई, छत्रीलाही मनाई. डोक्यावर उघडं आभाळ, भोवती ओकच्या लाकडाचे तीन मजले, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती. मूळ ग्लोब १५९९चं. हे त्याच्या बेताने पुन्हा बांधलेलं, १९९७ साली सुरू झालं.

इथे यायच्या आधी ब्रूस स्मिथ या अमेरिकन अभ्यासकाचं वाचलं होतं. शेक्सपिअरच्या काळातलं इंग्लंड कानांना कसं लागत असेल, हा त्याचा विषय. इंजिनं नाहीत, भोंगे नाहीत. माणसाच्या कानावर पडणारे मोठ्यात मोठे आवाज म्हणजे ढगांचा गडगडाट, तोफा आणि चर्चच्या घंटा. अशा गावात नुसत्या गळ्यावर हजारोंचं थिएटर भरून टाकता येत असे. स्मिथच्या लेखी ही लाकडी गोल इमारत म्हणजेच एक वाद्य. वाचताना मला हे जरा काव्यात्मक वाटलं होतं.

त्या काळी नाटक सुरू व्हायच्या आधी तुतारी तीनदा वाजायची आणि तिसरीला पडदा नसलेल्या रंगमंचावर खेळ सुरू व्हायचा. आमची तिसरी घंटाच की! आणखी एक गंमत म्हणजे हॅम्लेट नटांना सांगतो तेव्हा उद्या नाटक 'ऐकू' म्हणतो. आपण मात्र प्रेक्षक.

कॉलर माइक कुणालाच नव्हता. पहिली दहा मिनिटं माझा व्यवसाय गप्प बसेना. याचा आवाज खाली पडतोय, त्याचा फिरतोय. वरून हेलिकॉप्टर गेलं तेव्हा दोन वाक्यं बुडालीच. छप्पर मध्यभागी उघडं असल्यामुळे वर गेलेला आवाज गेलाच. जो मिळतो तो बाजूच्या लाकडावरून परतलेला. नट बोलता बोलता वळला की हे लगेच कळतं.

मग भुताचा, म्हणजे हॅम्लेटच्या मेलेल्या बापाचा, प्रवेश आला. मी रंगमंचाला चिकटून उभा, कोपरं फळ्यांवर टेकलेली. हॅम्लेट मित्रांना शपथ घ्यायला लावतो आणि खालून, फळ्यांच्या पोटातून, बाप ओरडतो, 'शपथ घ्या!' हा आवाज मला कानाच्या आधी कोपरांना लागला. हॅम्लेट जागा बदलतो, आवाज त्याच्या मागोमाग सरकतो. ही काही दिग्दर्शकाची करामत नव्हे, संहितेतच आहे. चारशे वर्षांपूर्वीचा सराउंड साउंड, खर्च एका नटाचा. स्मिथच्या वाद्याची मनातल्या मनात माफी मागितली.

मेघगर्जनेसाठी तेव्हा तोफेचा गोळा लाकडावरून गडगडवत आणि ढोल बडवत. तोफा मात्र खऱ्या असायच्या. २९ जून १६१३ रोजी 'आठवा हेन्री' चालू असताना राजाच्या प्रवेशाला तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि अख्खं ग्लोब थिएटर जळून खाक झालं. माणसं वाचली. एकाची तुमान पेटली, ती म्हणे त्याने बाटलीतली बिअर ओतून विझवली. साउंड इफेक्टने थिएटर जाळल्याचं माझ्या माहितीत हे एकच उदाहरण. आमच्याकडे फार तर फ्यूज उडतो. नव्या ग्लोबचं छप्परही गवतीच आहे, पण त्यावर पाण्याचे फवारे बसवलेत.

खेळ सुटल्यावर पायांचे गोळे झालेले, तरी पार्क स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. मूळ ग्लोबची जागा तिथे आहे, नव्यापासून पाच मिनिटांवर. आता ते घरांच्या मागचं अंगण आहे. जमिनीत गडद दगडांची एक कमान बसवलीय, थिएटरच्या भिंतीची खूण म्हणून. फाटकाबाहेर उभं राहून एक टाळी वाजवली. ती समोरच्या विटांवर आपटून परत आली, कोरडी, तुटक. कचऱ्याची पिशवी घेऊन जाणाऱ्या एका बाईंनी थांबून पाहिलं. मी दुसरी वाजवली नाही.