ऑप्शन फॉर्म भरण्याआधी पाहिलेली फार्मसी महाविद्यालये

यंदा आखाजीला माझ्या दोन्ही बहिणी माहेरी अमळनेरला आल्या, तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. लेकीची पीसीबी गटाची सीईटी होऊन गेली होती, निकाल यायचा होता, आणि बी. फार्म. या फार्मसीच्या पदवीसाठी ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जात, कोणते महाविद्यालय वर लिहायचे याबद्दल प्रत्येकाचे मत ठरलेले होते. मोठी बहीण म्हणत होती, जिथे नाव मोठे तिथे घाला. धाकटीचे म्हणणे होते, जिथून संध्याकाळी घरी येता येईल ते सर्वांत चांगले. माझी आई झोपाळ्यावरून एवढेच विचारत होती, "पोरले इतली दूर कसाले धाडस रे?" (पोरीला इतक्या लांब कशाला पाठवतोस?)

मी स्वतः डी. फार्म., म्हणजे फार्मसीची पदविका, झालेलो आहे आणि गेली २२ वर्षे गावात औषधांचे दुकान चालवतो. बारावीचे निकाल लागले की पालक गोळ्या घेता घेता काउंटरवर हाच प्रश्न विचारतात, आणि आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत असे. या वर्षी प्रश्न माझ्याच घरात आल्यावर लक्षात आले की त्या दोन वाक्यांत काहीच सांगितलेले नसते. म्हणून आम्ही काय पाहिले आणि क्रम कसा लावला, ते सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या शिक्षणापासून करावी लागेल. मी जिथे शिकलो त्या महाविद्यालयाचे नाव येथे घेत नाही, पण तिथल्या मशीन रूममध्ये गोळ्या तयार करण्याचे एक यंत्र होते आणि त्यावर तपकिरी रेक्झिनचे आवरण होते. दोन वर्षांत ते आवरण मी एकदाच निघालेले पाहिले, ते तपासणी समिती आली त्या दिवशी. प्रात्यक्षिकाच्या वहीत मात्र आम्ही सर्वांनी त्या यंत्रावर गोळ्या केल्याचे नीटनेटक्या अक्षरात लिहिले आणि त्यावर सह्याही झाल्या. गोळी प्रत्यक्ष तयार होताना मी पहिल्यांदा पाहिली ती शिक्षण संपल्यानंतर, एका मित्राच्या कारखान्यात. ही खंत माझ्या मनातून कधी गेली नाही, आणि लेकीसाठी महाविद्यालय निवडताना मी एकच प्रश्न धरून ठेवला: चार वर्षांत तिच्या स्वतःच्या हाताखालून काय जाणार आहे?

त्याआधी अभ्यासक्रम ठरायला हवा, कारण अनेक घरांत डी. फार्म. आणि बी. फार्म. यांतला फरक प्रवेश झाल्यावर कळतो. दुकान टाकायचे किंवा रुग्णालयात औषधे द्यायची एवढाच विचार असेल तर दोन वर्षांचे डी. फार्म. आणि त्यानंतरचे ५०० तासांचे प्रशिक्षण हा मार्ग असतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट होण्यासाठी बी. फार्म.च हवे असे नाही. कारखाना, गुणवत्ता तपासणी, संशोधन किंवा पुढे एम. फार्म. डोळ्यांसमोर असेल तर चार वर्षांचे, आठ सत्रांचे बी. फार्म. घ्यावे. फार्म. डी. सहा वर्षांचे असून त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते, आणि त्याला किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड लागते, त्यामुळे तिथे महाविद्यालयाइतकेच ते रुग्णालयही पाहावे. माझ्या लेकीला रसायनशास्त्र आवडते आणि तिला औषधांच्या तपासणीचे, म्हणजे अॅनालिसिसचे काम करायचे आहे. ती हे स्पष्ट सांगू शकली, त्यामुळे पुढचे पुष्कळ सोपे झाले.

मान्यतेचा मुद्दा कोरडा वाटतो, पण तो टाळून चालत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार भारतीय फार्मसी परिषदेची, म्हणजे पीसीआयची मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमातून पदवी घेतली तर राज्य परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर औषधे देण्याचा अधिकार मिळत नाही. पीसीआयने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. उच्च न्यायालयांनी ती रद्द केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. त्यानंतर तालुक्यातालुक्यांत नव्या पाट्या लागल्या. नवे महाविद्यालय वाईटच असते असे मी म्हणणार नाही, पण जिथून अजून पहिली तुकडीच बाहेर पडलेली नाही, तिथल्या शिक्षणाचे काय झाले हे विचारायला माणूस सापडत नाही. म्हणून आम्ही पीसीआयच्या संकेतस्थळावर प्रत्येक महाविद्यालयाचे नाव, मान्यतेचे चालू वर्ष आणि मंजूर जागा ताडून पाहिल्या. शेजारच्या पालकांनी माहितीपत्रकावर छापलेल्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

खानदेशात शिरपूर, फैजपूर, चोपडा, शहादा, बोराडी या ठिकाणी फार्मसीचे शिक्षण बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. शिरपूरचे आर. सी. पटेल महाविद्यालय १९९२ पासूनचे असून केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत फार्मसी गटात त्याचे नाव येत आलेले आहे. त्याच गावात मुंबईच्या एका अभिमत विद्यापीठाचा परिसर आहे. तिथले प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, होत नाहीत आणि शुल्काचा हिशेबही निराळा आहे. गाव एक असल्यामुळे पालक या दोहोंची गल्लत करतात, माझ्या काउंटरवरच दोघांनी केली होती. खानदेशाबाहेर कऱ्हाड, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये आणि मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ही नावेही आम्ही कागदावर घेतली होती.

जुलैमध्ये दुकान भावाकडे सोपवून आम्ही बाप-लेक पाच ठिकाणी जाऊन आलो. प्रवेशाच्या चौकशीचा दिवस मुद्दाम टाळला आणि महाविद्यालय नेहमीसारखे चालू असेल असा वार निवडला. पहिल्या ठिकाणी स्वागतकक्षात आम्हाला चहा दिला, गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक दिले आणि गेल्या वर्षी नोकऱ्या मिळालेल्यांचे फोटो दाखवले. प्रयोगशाळा पाहायची आहे म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली, पण मग एक तरुण सर आम्हाला घेऊन गेले.

ते महाविद्यालय नव्याने सुरू झालेल्यांपैकी होते. औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या खोलीत वातानुकूलन होते, यंत्र नवेकोरे होते आणि भिंतीवर त्याची किंमतही सांगणारा फलक होता. लेकीने यंत्राकडे पाहिले नाही. तिने बाजूच्या स्टुलावरची नोंदवही उघडली. तारीख, नाव, नमुना, कॉलम, दाब, सही असे रकाने आखलेले होते आणि पहिल्या पानावर सात नोंदी होत्या, त्यातली शेवटची सव्वा वर्षापूर्वीची. पुढची सगळी पाने कोरी होती. तिने वही होती तशी मिटून ठेवली आणि सरांना नमस्कार करून बाहेर आली. मला त्या क्षणी माझे रेक्झिनचे आवरण आठवले.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी नोंदवही पाहिली. एका जुन्या महाविद्यालयात इमारत साधी होती, खिडक्यांचा रंग उडालेला होता, पण गोळी विरघळण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राभोवती सहा मुले उभी होती. सहा भांड्यांत सहा गोळ्या फिरत होत्या, पाण्याचे तापमान ३७ अंशांवर होते, आणि एक मुलगी घड्याळाकडे पाहत दर पाच मिनिटांनी पिपेटने नमुना काढून नळीत भरत होती. तिचा एक नमुना चुकला, तेव्हा मॅडमनी तिला नव्या गोळीवर पुन्हा सुरुवात करायला लावली, दुपारची सुटी जवळ आलेली असतानाही. शेजारच्या वहीत गेल्याच आठवड्यातल्या चार नोंदी होत्या, आणि त्यातल्या तीन विद्यार्थ्यांच्या अक्षरातल्या होत्या. लेकीने तिथून निघताना फक्त एवढेच म्हटले, "पप्पा, हे वर घ्या."

शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलणे हा सर्वांत उपयोगी भाग ठरला. सहाव्या सत्रानंतर १५० तासांचे औद्योगिक प्रशिक्षण अभ्यासक्रमात सांगितलेले आहे. ते कुठे केले, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारले. काही ठिकाणी मुलांनी अंकलेश्वर, पिथमपूर, वाळूज अशी नावे सांगितली आणि तिथे कोणत्या विभागात बसलो होतो तेही सांगितले. एका ठिकाणी मुले एकमेकांकडे पाहून थांबली, आणि मग एकाने सांगितले की मामाच्या मेडिकलवरून प्रमाणपत्र आणले. त्या मुलाचा मला राग आला नाही, वाईट वाटले. सातव्या सत्रातले प्रॅक्टिस स्कूल (निवडलेल्या एका विषयातले प्रत्यक्ष काम) आणि आठव्यातला प्रकल्प यांचेही तसेच आहे: करून घेणारा शिक्षक असेल तर तेच पुढे मुलाखतीत बोलायला उपयोगी पडतात. म्हणून शिक्षकांची यादी पाहताना पदव्यांपेक्षा ते तिथे किती वर्षे टिकले आहेत हे आम्ही विचारले. एम. फार्म.च्या प्रवेशासाठी असलेल्या जीपॅट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी कोण करून घेते, हाही प्रश्न होता, कारण त्या परीक्षेत पात्र ठरून एम. फार्म.ला गेलेल्यांना दरमहा विद्यावेतन मिळू शकते.

खर्चाबाबत एक गोष्ट ठळकपणे लिहितो. फार्मसीचे वर्ष मान्यतेच्या प्रक्रियेमुळे अनेकदा उशिरा सुरू होते, आणि त्या रिकाम्या काळात पालक घाबरलेले असतात. मला एका माणसाचा फोन आला, तो कुठल्या संस्थेचा हे सांगत नाही, आणि २५ हजार भरून जागा पक्की करा, नंतर मिळणार नाही, असे तो तीनदा म्हणाला. कॅपमधून प्रवेश घेतला तरच शासनाच्या शुल्क सवलती लागू होतात. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की हा लाभ जातो. विकास शुल्क, वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च मात्र आपल्यालाच करावा लागतो, त्यामुळे शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले आकडे पाहून त्यात राहण्याचा खर्च मिळवला, तेव्हाच आम्हाला खरा हिशेब कळला. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअरची प्रमाणपत्रे हातात असल्याशिवाय हा सगळा हिशेब कोसळतो. आमच्याकडे येणाऱ्या पावरा आणि भिल्ल समाजातल्या मुलांची धावपळ मी दरवर्षी पाहतो. हे काम अकरावीतच सुरू करायला हवे.

अंतराचा प्रश्न आईमुळे शेवटपर्यंत राहिला आणि मी तो उडवून लावला नाही. रोज दोन-अडीच तास एसटीत घालवणाऱ्या मुलीला संध्याकाळच्या प्रात्यक्षिकाला थांबता येत नाही, आणि फार्मसीत ८० टक्के हजेरी लागते. दुसरीकडे, वसतिगृह नीट नसेल तर उत्तम प्रयोगशाळाही मुलाला बांधून ठेवू शकत नाही. म्हणून लेकीच्या आईने दोन वसतिगृहांत जाऊन खोल्या पाहिल्या, पाणी किती वाजता येते हे विचारले आणि रेक्टरबाईंशी तासभर बोलली. तिच्या मताला आम्ही प्रयोगशाळेइतकेच वजन दिले.

राहिला ऑप्शन फॉर्म. इथे एक गैरसमज सर्वत्र आहे की अवघड महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले तर ती पसंती वाया जाते. तसे होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमानुसार प्रत्येकाची यादी वरून खाली तपासतो आणि ज्या पहिल्या ठिकाणी जागा शिल्लक असेल ती देतो. वरची नावे न मिळाल्यामुळे खालच्या नावावरचा हक्क कमी होत नाही. जपायचे ते एवढेच की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर मनापासून हवे तेच लिहावे. पुढच्या फेऱ्यांचे नियम बदलत असतात. सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये. गेल्या वर्षीचे कटऑफ आम्ही पाहिले, पण त्यांचा उपयोग यादी कुठे थांबवायची हे ठरवण्यापुरता केला. क्रम ठरवला तो पाहिलेल्यावरून.

शेवटी लेकीने स्वतः यादी लिहिली. पहिल्या दोन जागांवर मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर, तिसऱ्यावर शिरपूर, आणि चौथ्यावर ते उडालेल्या रंगाच्या खिडक्यांचे महाविद्यालय. कोऱ्या नोंदवहीचे महाविद्यालय घरापासून सर्वांत जवळ होते. ते यादीत नाही. फॉर्म कन्फर्म करण्याआधी तिने चारही नावे आजीला मोठ्याने वाचून दाखवली आणि प्रत्येक गावाहून अमळनेरला यायला किती वेळ लागतो तेही सांगितले. आईने चौथ्या नावाला मान हलवली. लेकीने क्रम बदलला नाही, पण त्या चौथ्या गावची शनिवारची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते आजीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.